तोंडातल्या तोंडात मोजणारी मुलगी : पियाजे, व्हायगॉट्स्की आणि सोलापूरच्या पूर्व भागातलं एक प्रकरण

डीएड-बीएड केलेल्या किंवा टीईटीची तयारी केलेल्या कुणालाही पियाजे आणि व्हायगॉट्स्की या दोन बालमानसशास्त्रज्ञांची नावं पाठ असतात. पियाजे म्हणजे मुलाच्या विचाराच्या वाढीच्या चार अवस्था, व्हायगॉट्स्की म्हणजे समीपस्थ विकास क्षेत्र (मुलाला एकट्याला जमतं ते आणि थोड्या मदतीनं जमतं ते यातलं अंतर), एक मार्क मिळाला, पुढचा प्रश्न. पण ही दोन माणसं एका मुद्द्यावर एकमेकांच्या समोरासमोर उभी होती आणि तो मुद्दा आपल्याकडं रोज वर्गात येतो, मूल गणित सोडवताना स्वतःशीच पुटपुटतं तेव्हा त्याला गप्प करायचं का पुटपुटू द्यायचं. खालच्या प्रकरणात सगळं या एकाच प्रश्नावर येऊन थांबलं, म्हणून ते सुरुवातीपासून लिहितेय. अर्धवट सांगितलं की लोक "तेलुगू घरातली मुलं मराठीत कच्ची असतात" एवढंच घेऊन जातात आणि ते इथं कारण नव्हतं.

मुलीचं खरं नाव देत नाही, आपण तिला चिन्नी म्हणू. तिसरीत होती, मराठी माध्यमाची शाळा, घर पूर्व भागात. वडील यंत्रमागावर, टॉवेलच्या कारखान्यात, आणि आई घरी विड्या वळते. घरात तेलुगू. पूर्व भाग ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, इथली पद्मशाली कुटुंबं कित्येक पिढ्यांमागं तेलंगणातून मागाच्या कामासाठी आली आणि इथलीच झाली, गल्लीत तेलुगू, मराठी, कन्नड आणि दखनी उर्दू चारही भाषा एकाच वेळी कानावर पडतात आणि सहा वर्षांचं पोरगंसुद्धा समोरचा बघून भाषा बदलतं. चिन्नीपण तशीच. खेळताना तिचं मराठी ऐकलं तर कुणाला शंका येणार नाही, भांडणात तर ती मराठीतच पुढं असते.

मी संध्याकाळी त्या भागात मुलांचा अभ्यास घेते, तिथं तिची आई तिला घेऊन आली. म्हणाली, "मॅडम, हिला घरी सगळं येतंय की, शाळेत काय होतंय काय की. बाई म्हणायल्यात स्लो लर्नर हाय." वर्गशिक्षिकांशी बोलले तेव्हा त्यांनी मोकळेपणानं सांगितलं, दुसरीत ही मुलगी ठीक होती, तिसरीत गणितात घसरली, तोंडी बेरजा चुकतात, आकड्यांचं श्रुतलेखन तर फारच खराब. आणि अजून एक, पूर्वी वर्गात फार बडबड करायची, ती आता सुधारलीय. ही सुधारणा कशी झाली तेही त्यांनी सांगितलं. गणिताच्या तासाला जो गप्प बसून काम करेल त्याच्या हातावर पेनानं स्टार काढायचा. चिन्नीला स्टार मिळायला लागले, रोज मिळायला लागले. माझ्या डोक्यात त्या क्षणी दोन गोष्टी शेजारी शेजारी आल्या, स्टार वाढले आणि गणित घसरलं, आणि दोन्ही एकाच सहामाहीत.

आधी साध्या गोष्टी तपासल्या, त्या तपासल्याशिवाय थिअरीकडं जायचं नसतं. कान तपासून घेतले, डोळे तपासून घेतले, दोन्ही चांगले. घरात आजारपण नाही, शाळा बुडत नाही, उपाशी येत नाही.

मग तिच्या चुका बघायला घेतल्या. इथं पियाजेचं ऋण मानलं पाहिजे, कारण चुकलेल्या उत्तराकडं बघायची सवय त्यानंच लावली. तरुणपणी, १९२० च्या आसपास, तो पॅरिसमध्ये बिनेच्या प्रयोगशाळेत काम करत होता, काम सिमॉननं दिलेलं. बिने-सिमॉन ही जोडी म्हणजे बुद्धिमापन चाचणीची सुरुवात करणारे. पियाजेकडं काम काय होतं, तर मुलांची किती उत्तरं बरोबर येतात ते बघून चाचणी प्रमाणित करायची. पण त्याचं लक्ष गेलं चुकलेल्या उत्तरांवर. एकाच वयाची मुलं एकाच प्रकारे चुकत होती, म्हणजे ती कमी विचार करत नव्हती, वेगळ्या रीतीनं विचार करत होती. त्याची पुढची साठ वर्षं याच एका निरीक्षणातून निघाली. चाचणी घेणाऱ्यानं टिक आणि फुली मारून कागद बाजूला ठेवला असता तर यातलं काहीच झालं नसतं, आणि आपण रोज तेच करतो.

तर चिन्नीचं श्रुतलेखन. मी आकडे सांगितले, तिनं लिहिले, निम्म्याहून जास्त चुकले. सत्तेचाळीस सांगितलं की ७४. त्रेसष्टचे ३६. एकोणसाठ सांगितलं तर ६१, आणि एकोणतीस सांगितलं तर ३१. पुन्हा पुन्हा बघा ह्या चुका, यात एकही अंदाजपंचे नाहीये. सत्तेचाळीस ऐकताना आधी सात येतो मग चाळीस, म्हणून तिनं आधी सात लिहिला. एकोणसाठमध्ये तिला एक ऐकू आला आणि साठ ऐकू आलं, साठ आणि एक एकसष्ट, हिशोब चोख आहे. मग तेच आकडे कार्डावर लिहून दाखवले आणि बेरजा करायला दिल्या, आणि सांगितलं की तुला जसं म्हणायचंय तसं म्हण, इथं कुणी ओरडणार नाही. आधी माझ्याकडं बघितलं, मग ओठ हलायला लागले. ४७ अधिक २८. "एडु... एनिमिदि... पदिहेनु," म्हणजे सात, आठ, पंधरा. मग "नलभै, इरवै, अरवै," चाळीस, वीस, साठ. आणि "डेब्भै अय्दु" म्हणून तिनं ७५ लिहिले. बरोबर. हातच्याची बेरीज होती ही, आणि वर्गात तिला हातचा येत नाही असा शेरा होता.

तेलुगूत वीसच्या पुढचे आकडे सरळ रांगेत येतात, आधी दहाचा भाग, मग सुटा. मुप्पै एडु म्हणजे तीस सात, नलभै एडु म्हणजे चाळीस सात, जसं लिहितो तसंच बोलतो. मराठीत सदतीस, सत्तेचाळीस, सत्तावन्न, सुटा आधी, दशक मागं आणि वर दोन्ही एकमेकांत मिसळलेले, शिवाय एकोण- वाले आकडे तर पुढच्या दशकातून वजा करून बोलायचे. आठवत असेल तर २०१९ च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून केवढा गोंधळ झाला होता, "वीस सात" आणि "सत्तावीस" दोन्ही द्यायचं म्हणून. मंगला नारळीकर त्या समितीच्या अध्यक्ष होत्या आणि त्यांचं म्हणणं एवढंच होतं की लहान मुलांना जोडाक्षरांचे आकडे जड जातात, सोपी वाटपण दाखवा, जुनी काढून टाका असं कुणीच म्हणत नव्हतं. लोकांनी त्यावर विनोद केले, मराठी बुडाली म्हणाले. चिन्नीची वही समोर ठेवून मला वाटलं की तो वाद घालणाऱ्यांनी एकदा ही वही बघायला पाहिजे होती.

पण आकड्यांची रचना हे अर्धंच उत्तर झालं. श्रुतलेखन त्यानं समजतं. दुसरीत बेरजा येत होत्या आणि तिसरीत यायच्या बंद झाल्या हे त्यानं समजत नाही, कारण सत्तेचाळीस दुसरीतपण सत्तेचाळीसच होतं.

आता पुटपुटण्याकडं येते.

१९२३ मध्ये पियाजेचं मुलांच्या भाषेवरचं पहिलं पुस्तक आलं. जिनिव्हातल्या एका बालशाळेत दोन सहा वर्षांच्या मुलांचं बोलणं साधारण महिनाभर त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यानं जसंच्या तसं लिहून घेतलं होतं, चित्र काढताना, खेळताना, जे बोलले ते सगळं. त्यातलं साधारण चाळीस टक्के बोलणं कुणाला उद्देशून नव्हतंच, समोरचा ऐकतोय का, समजतंय का, याची मुलाला फिकीर नव्हती. याला त्यानं आत्मकेंद्रित भाषा म्हटलं. त्याचा अर्थ त्यानं असा लावला की लहान मुलाला दुसऱ्याच्या जागी जाऊन विचार करता येत नाही, म्हणून ते स्वतःशी बोलतं, आणि जसजसं ते सामाजिक होत जातं तसतसं हे बोलणं कमी होत होत संपून जातं. म्हणजे पुटपुटणं हे बालपणाचं शिल्लक राहिलेलं लक्षण. सात-आठ वर्षांनंतरही टिकलं तर मूल मागं आहे. आपल्या शाळांमध्ये कुणी पियाजे वाचून हे करत नाही, पण "तिसरीत गेलीस तरी तोंडातल्या तोंडात काय मोजतेस" हे वाक्य याच समजुतीतून येतं.

व्हायगॉट्स्की पियाजेच्याच वयाचा, दोघांचा जन्म १८९६ चा. एक स्वित्झर्लंडमध्ये, दुसरा रशियन साम्राज्यातल्या बेलारूसच्या भागात. पियाजे ८४ वर्षं जगला, व्हायगॉट्स्की क्षयानं १९३४ मध्ये गेला, वय ३७. त्यानं पियाजेचं निरीक्षण मान्य केलं आणि अर्थ उलटा लावला. त्याचा प्रयोग अगदी साधा होता. मूल चित्र काढायला बसलंय, ऐनवेळी त्याला हवी ती पेन्सिल नाही, कागद नाही, काहीतरी अडचण करून ठेवायची. अडचण आली की स्वतःशी बोलणं जवळजवळ दुप्पट व्हायचं. "निळी पेन्सिल कुठंय, जाऊ दे, लालनं काढते, पाणी लावून गडद करते," असं. जर हे बोलणं नुसतं बालिश असतं तर अडचणीच्या वेळीच ते का वाढावं? म्हणजे मूल बोलून बोलून वाट काढतंय, बोलणं हेच त्याचं विचार करायचं साधन आहे. त्याच्या पुस्तकात एक साडेपाच वर्षांचा मुलगा आहे, ट्राम काढत होता, चाक काढताना पेन्सिलचं टोक मोडलं. हळूच म्हणाला, "मोडलं", पेन्सिल बाजूला ठेवली, जलरंग घेतले आणि अपघातात मोडलेली ट्राम काढायला लागला. एक पुटपुटलेला शब्द आणि सगळं चित्र बदललं.

आणि शेवट काय होतो? पियाजे म्हणत होता की हे बोलणं मरतं. व्हायगॉट्स्की म्हणाला, मरत नाही, आत जातं. मोठ्यानं, मग कुजबूज, मग फक्त ओठ, मग मनातल्या मनात. आधी दोन माणसांमध्ये असलेलं बोलणं मग मुलाच्या आतलं होतं, आणि पुटपुटणं हा मधला पूल. हे पुस्तक तो गेला त्याच वर्षी आलं, १९३६ मध्ये सोव्हिएत सरकारनं बालविकासाचं ते सगळं शास्त्रच मोडीत काढलं तेव्हा त्याचं कामपण गाडलं गेलं, पुन्हा छापलं गेलं ते १९५६ मध्ये. इंग्रजीत १९६२ ला आलं तेव्हा पियाजेनं त्यावर स्वतंत्र टिपण लिहिलं, इतक्या वर्षांनी हे वाचायला मिळतंय आणि आता या माणसाशी बोलता येत नाही याचं दुःख व्यक्त केलं, आणि पुटपुटण्याच्या मुद्द्यावर बरंचसं मान्य केलं. एवढा मोठा माणूस आपलं चाळीस वर्षांपूर्वीचं म्हणणं बरंचसं मागं घेतो ही गोष्ट गाइडमध्ये कुठंच नसते आणि ती असायला पाहिजे.

व्हायगॉट्स्कीचा अजून एक प्रयोग आहे जो मी सोलापूरच्या मास्तरांना आवर्जून सांगते. मुलाला अशा मुलांमध्ये बसवलं ज्यांना त्याची भाषाच येत नाही, किंवा ज्यांना ऐकूच येत नाही. पुटपुटणं एकदम घसरलं, बहुतेक मुलांचं तर थांबलंच. म्हणजे स्वतःशी बोलतानाही मुलाला आजूबाजूचे आपलं समजून घेतील असं कुठंतरी वाटत असावं लागतं. चिन्नीच्या बेंचवरच्या दोघी मराठी घरातल्या होत्या. तिनं एकदा सांगितलं, "मी एडु म्हणलं की हसतात." त्यात स्टारची भर पडली. बक्षीस दिलं की वागणं वाढतं असं मांडणारा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्किनर, त्याच्या भाषेत बघितलं तर वर्गात काहीच बिघडलेलं नाही, शांततेला बक्षीस मिळालं, शांतता वाढली, नियम चोख चालला. स्किनर स्वतः १९५३ मध्ये मुलीच्या चौथीच्या गणिताच्या तासाला जाऊन बसला होता आणि मुलांना उत्तर बरोबर का चूक हे लगेच कळत नाही म्हणून अस्वस्थ झाला, त्यातून त्यानं शिकवायची यंत्रं केली. त्याची ती तळमळ खरी होती. पण आपण नेमकं कशाला बक्षीस देतोय हे बघायला त्याच्या सिद्धांतात मुलाच्या आत डोकवायची सोय नाही, आणि इथं बक्षीस जात होतं विचार थांबवण्याला.

हे नुसतं माझं मत राहू नये म्हणून मी घरी गेले. दुपारी आई पाट्यासमोर सूप घेऊन बसलेली, अव्वा, म्हणजे आजी, शेजारी दोरा बांधतेय. पंचवीस विड्यांचा एक कट्टा, चाळीस कट्टे झाले की हजार, आणि मजुरी हजारावर. आई मोजताना मोठ्यानं मोजते, अव्वापण मोजते, तेलुगूत, मध्ये कुणी बोललं तरी आकडा तुटत नाही. चिन्नी बाजूला गृहपाठ करत बसलेली आणि आईचे कट्टे तिच्या कानावर, मध्येच तिनं मान वर न करता सांगितलं की अम्मा, अजून सहा कट्टे राहिलेत. या घरात मोजणं म्हणजे तोंडानं मोजणं. हीच ती दोन माणसांमधली पहिली पायरी, आणि शाळा तिला म्हणत होती की तिसऱ्या पायरीवर एकदम उडी मार.

लॉरा बर्क नावाच्या अमेरिकन संशोधिकेनं १९८० च्या दशकात प्राथमिक वर्गांमध्ये मुलं गणित सोडवत असताना हेच बघितलं, आणि तिला दिसलं की कामाबद्दल स्वतःशी बोलणारी मुलं पुढच्या काळात गणितात चांगली पुढं जातात. त्या क्षणी मात्र ती चुकताना दिसतात, कारण मूल पुटपुटतं ते अवघड गणितावरच. म्हणून घाईत बघणाऱ्याला पुटपुटणारं मूल कच्चं वाटतं.

आता समीपस्थ विकास क्षेत्र, ते एक मार्काचं. व्हायगॉट्स्कीचं उदाहरण असं, दोन मुलं, दोघांचं मानसिक वय आठ. थोडी मदत केली, एखादी खूण दिली, पहिली पायरी करून दाखवली, तर एक मूल बारा वर्षांच्या मुलाची गणितं सोडवतं आणि दुसरं नऊच्या पुढं जात नाही. मग दोघं सारखी कशी? मी हेच केलं, चिन्नी आणि तिच्याच वर्गातला एक मुलगा, दोघांना शाळेत जवळजवळ सारखे मार्क. दोघांनाही हातच्याची वजाबाकी दिली, दोघांचीही चुकली. मग मदत थोडी थोडी वाढवत नेली, आधी फक्त "परत बघ", मग "कुठून सुरू करशील", मग कार्डं, मग पहिली पायरी मी स्वतः. मुलाला शेवटपर्यंत सगळं करून दाखवावं लागलं आणि पुढच्या गणिताला परत तेवढंच. चिन्नीला "तुझ्या भाषेत म्हण" एवढं सांगितलं की ती निघाली, तीन अंकीसुद्धा. गुणपत्रिकेत दोघं एकाच ओळीत होते आणि दोघांची गरज पूर्ण वेगळी होती. त्या मुलाचं प्रकरण स्वतंत्र आहे, त्याला दशक म्हणजे काय हेच बसलेलं नव्हतं, त्याच्यासाठी काड्यांचे गठ्ठे करण्यापासून सुरुवात केली.

केलं काय, तर फार काही नाही. माझ्याकडं पुटपुटायला पूर्ण परवानगी, तेलुगूत. सहावीतली एक मुलगी, तीपण तेलुगू घरातली, चिन्नी तिला अक्का म्हणते, तिला शेजारी बसवलं. अक्का आधी मोठ्यानं करायची, मग दोघी मिळून, मग चिन्नी मोठ्यानं आणि अक्का फक्त अडलं की बोलायची. १९७६ मध्ये ब्रूनर, वुड आणि रॉस यांनी लाकडी ठोकळ्यांचा मनोरा करणाऱ्या लहान मुलांवर जो अभ्यास केला आणि मदतीला परांचीचं नाव दिलं, त्यात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की मदत मुलाच्या मागच्या प्रयत्नाकडं बघून ठरते, जमलं की एक पाऊल मागं, अडलं की एक पाऊल पुढं. अक्काला हे कुणी शिकवलं नव्हतं, धाकट्या भावंडांना सांभाळून तिला ते येत होतं. मराठी आकड्यांसाठी आम्ही चार गोष्टी एकत्र केल्या, कार्डावर ४७, तोंडानं नलभै एडु, मग चाळीस सात, मग सत्तेचाळीस. याच क्रमानं, आणि मधली चाळीस सातची पायरी गाळायची नाही. बालभारतीचं ते "वादग्रस्त" पान इथं रोज कामाला आलं.

वर्गशिक्षिकांशी परत बोलले. त्यांचा आक्षेप रास्त होता, वर्गात पन्नासच्या आसपास मुलं, सगळी पुटपुटली तर मी शिकवू कशी. मी म्हणलं सगळ्यांना नको, स्टार फक्त शांततेला नको एवढंच, आणि ओठ हलवायला मोकळीक द्या. त्यांनी मान्य केलं. वर श्रुतलेखनात आकडा सांगून झाल्यावर थोडं थांबायला लागल्या, त्याचा फायदा चिन्नीशिवाय इतरांनापण झाला असं त्यांनीच सांगितलं. ज्या बाईंनी स्वतःचीच चांगली चाललेली पद्धत एका मुलीसाठी बदलली त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे.

पुढं झालं ते व्हायगॉट्स्कीच्या क्रमानंच झालं. पहिल्यांदा पुटपुटणं वाढलं, इतकं की आई घाबरली. मग कुजबूज झाली. मग फक्त ओठ, आणि सोप्या बेरजांना तेपण नाही, पण तीन अंकी वजाबाकी आली की परत आवाज यायचा. परत आवाज येणं म्हणजे मागं जाणं नव्हे, हे आईला दोन-तीनदा समजावून सांगावं लागलं, मोठी माणसंसुद्धा अवघड हिशोब तोंडानं करतात. वार्षिक परीक्षेपर्यंत उदाहरणं नीट यायला लागली. श्रुतलेखनातले उलटे आकडे बरेच कमी झाले, एकोण- वाले अजून चुकतात.

शाब्दिक उदाहरणं मात्र सुधारली नाहीत, हे स्पष्ट लिहायला पाहिजे. "प्रत्येकी", "शिल्लक", "पेक्षा किती कमी", "समान वाटल्यास" असे शब्द आले की ती थांबते. गल्लीतल्या मराठीत हे शब्द येतच नाहीत, तिथं "एकेकाला किती", "किती उरलं" असं म्हणतात. जिम कमिन्स या द्विभाषिक शिक्षणाच्या अभ्यासकानं १९७९ मध्ये हाच फरक दाखवला होता, रोजच्या बोलण्याची भाषा आणि अभ्यासाची भाषा या दोन वेगळ्या गोष्टी, घरी वेगळी भाषा असलेल्या मुलाला पहिली साधारण दोनेक वर्षांत येते, दुसरीला पाच ते सात वर्षं लागतात. चिन्नीचं भांडणातलं मराठी ऐकून सगळ्यांनी धरून चाललं की हिला मराठी येतं, मग गणित येत नाही म्हणजे डोकंच कमी. स्लो लर्नर हा शिक्का तिथून आला.

आणि वडिलांचं बोलणं सांगते, कारण ते मला अजून बोचतं. परवानगीचं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, शाळेत तेलुगू नको. आमचं झालं ते झालं, तिनं तरी नीट बोलावं." शहरात महापालिकेच्या तेलुगू माध्यमाच्या शाळा आहेत, तिथं त्यांनी मुद्दामच घातलं नाही. पिएर बोर्द्यू हा फ्रेंच समाजशास्त्रज्ञ स्वतः बेआर्न भागातल्या खेड्यातला, वडील पोस्टातले, घरची बोली वेगळी आणि बोर्डिंगच्या शाळेतली फ्रेंच वेगळी. त्यानं आणि त्याचा सहकारी पासरोननं १९७० मध्ये मांडलं की शाळा एका वर्गाची भाषा हीच नीट भाषा म्हणून चालवते आणि ज्यांच्या घरी ती नाही तेसुद्धा ते मान्य करून बसतात, आपल्यातच काहीतरी कमी आहे असं समजतात. वडिलांना मी बोर्द्यू सांगितला नाही. मुलीला समोर बसवून ४७ अधिक २८ तेलुगूत करायला लावलं आणि मग तेच मराठीत, आणि म्हणलं बघा, हे पहिलं थांबवलं तर दुसरं होत नाही. ते बराच वेळ वहीकडं बघत होते, मग म्हणाले, "मीपण माग लावताना असंच मोजतो की." २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात कलम २९ मध्ये लिहिलंय की शक्यतो मुलाच्या मातृभाषेतून शिकवावं. माध्यम बदलणं हा मोठा प्रश्न आहे, पण मूल स्वतःशी कोणत्या भाषेत बोलेल हे तरी शाळेनं ठरवू नये, त्याला ना पैसा लागतो ना जीआर.

चिन्नी आता चौथीत आहे, बाई बदलल्यात. आईनं स्वतः जाऊन नवीन बाईंना सांगितलं की ही मोजताना ओठ हलवते, हलवू द्या. शाब्दिक उदाहरणांसाठी अक्का आणि ती मिळून विड्यांच्या हिशोबावर उदाहरणं तयार करतात आणि त्यात "प्रत्येकी" आणि "शिल्लक" मुद्दाम घालतात, सध्या तेच चालू आहे. आणि माझं लक्ष आता बाकीच्यांच्या श्रुतलेखनाकडं आहे. कन्नडमध्येही दशक आधी येतं, मूवत्तेळु म्हणजे तीस सात, त्यामुळं कन्नड घरातल्या मुलांच्या वहीत तसेच उलटे आकडे सापडायला पाहिजेत. दखनी बोलणाऱ्या घरात सैंतीस, सैंतालीस, म्हणजे मराठीसारखीच घडण, तिथं उलटे आकडे आले तर कारण दुसरं शोधावं लागेल. एकाच वर्गात तिन्ही घरातली मुलं बसतात असं शहर सोलापूर आहे, तेव्हा वह्या गोळा करायला सुरुवात केलीय. पूर्व भागातल्या किंवा अक्कलकोट बाजूच्या कुणा शिक्षकांकडं तिसरी-चौथीच्या आकड्यांच्या श्रुतलेखनाच्या जुन्या वह्या असतील तर फुल्या मोजू नका, कोणता आकडा सांगितला आणि मुलानं कोणता लिहिला एवढं शेजारी शेजारी उतरवून ठेवा, आणि मुलाच्या घरची भाषा त्याच्या पुढं लिहा.